सोमवारचा मुक्काम

काचेच्या भांड्यातलं पाणी तापायला लागलं, तसा आजोबांनी भिजवून ठेवलेला लाकडाचा भुसा चिमटीने त्यात सोडला आणि नातीला म्हणाले, "आता डोळे पाण्यावर आणि हात पाठीमागे."

हात पाठीमागे ठेवणं ही भिंगरीच्या दृष्टीने शिक्षाच होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, कारण पायाला भिंगरी लागलेलीच ती जन्माला आली होती. बसली तरी पाय हलायचे, पाय धरले तर मान हलायची, आणि मान धरली तर, आजोबा म्हणत, कान हलतील. सध्या यात भर पडली होती ती समोरच्या दाताची. घसरगुंडीवरून पडून त्याचा एक कोपरा आधीच उडाला होता. आता तो पडायला आला होता आणि भिंगरी दिवसभर जिभेने त्याला झोके देत बसायची.

"बघ," आजोबा म्हणाले, "तळाचं पाणी तापलं की हलकं होतं. हलकं झालं की वर येतं. वर येऊन गार झालं की जड होतं आणि पुन्हा खाली बसतं. याला म्हणायचं अभिसरण."

भुशाचे कण मध्यातून वर चढत होते आणि कडेकडेने खाली उतरत होते.

"ते दमत नाहीत?"

"खाली आच आहे तोवर नाही."

"म्हणजे माझ्यासारखे."

"तुझ्याखाली कोण आच लावतं, ते अजून सापडायचंय," आजोबा म्हणाले. भिंगरी इतकी हसली की दात पडता पडता राहिला.

दारात चपला घालत असलेली ताईही हसली. ताई म्हणजे भिंगरीची आई, आजोबांची लेक. ती ज्या संस्थेत काम करायची तिथे लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. भिंगरीचे वडील बोटीवर नोकरीला होते. ते वर्षातला बराच काळ पाण्यावर असायचे. घरात ही तिघंच.

ताईचं काम सांगायला सोपं आणि करायला कठीण होतं. आकाशात काही तारे असे असतात, की ते फुगतात आणि आकसतात, पुन्हा फुगतात आणि पुन्हा आकसतात. झोपलेल्या माणसाची छाती होते ना, तसंच. फुगताना आणि आकसताना त्यांचा उजेडही कमीजास्त होतो, म्हणून त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. अशा ताऱ्याच्या सालीत गरम वायू वर येतो आणि गार झालेला खाली जातो, अगदी आजोबांच्या भांड्यासारखा. ही उकळी ताऱ्याच्या फुगण्या-आकसण्याला आवर घालते. किती आवर घालते, ते मात्र छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ताई कॉम्प्युटरमध्ये तारा मांडायची. त्याची लाखो घरं पाडायची आणि प्रत्येक घरातला वायू किती तापला, कुठे चालला, याचा हिशेब क्षणाक्षणाने पुढे नेत राहायची.

त्या हिशेबात एक आकडा असा होता, की तो निसर्गाने दिलेला नव्हता, आपणच ठरवायचा होता. उकळीने ताऱ्याला किती आवरायचं, ते त्या आकड्यावर ठरायचं. संस्थेत त्याला 'लगाम' म्हणत.

दुसरी एक रीत होती बियांची. सगळी घरं तंतोतंत सारखी असली, तर कुठला वायू वर जायचा आणि कुठला खाली, हे ठरतच नाही आणि काहीच हलत नाही. हलायला आधी थोडी विस्कट लागते. म्हणून सुरुवातीला कुणीतरी डोळे मिटून काही आकडे बडवायचे, त्यांतून ती विस्कट पेरली जायची. त्याला बी टाकणं म्हणायचे. कुणी जन्मतारीख टाकायचं, कुणी गाडीचा नंबर.

या ताऱ्याचं बी भिंगरीने टाकलं होतं.

शाळेला सुट्टी होती आणि आजोबांना दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून ताई तिला संस्थेत घेऊन आली होती. भिंगरीने फिरत्या खुर्चीचा इतका पिंगा घातला, की शेजारच्या टेबलावरचा शंकासुर कान झाकून बसला. शंकासुर हा ताईचा कामातला जोडीदार. 'कशावरून?' विचारल्याशिवाय तो चहाचाही घोट घेत नसे, म्हणून हे नाव. त्यानेच अखेर हात टेकले. "ताई, हिच्याकडूनच बी टाकून घ्या. एवढी विस्कट आपल्याला जन्मात मिळायची नाही."

भिंगरीने दोन्ही हातांनी कीबोर्डच्या कळा बडवल्या. बडवताना डोळे गच्च मिटले होते, आणि जीभ त्या दातावर होती.

तारा चालू झाला. आणि काय चालू झाला! एरवी मांडलेला तारा लयीत यायला वेळ घेतो. हा पहिल्यापासूनच उसळत होता. पडद्यावर त्याच्या आकाराची रेघ वर जायची, खाली यायची, आणि खाली येताना मध्येच एक छोटासा अडखळा घ्यायची. तशा अडखळ्यात नवल नव्हतं, पुष्कळ ताऱ्यांत तो असतो.

नवल नव्हतं, पण पंचाईत होती. ज्या खऱ्या ताऱ्याशी तुलना करायची होती, त्याचा हेलकावा गेल्या कित्येक वर्षांत मंदावत चालला होता. तो का मंदावतोय, हेच तर शोधायचं होतं. सोमवारी विभागाचे सर येऊन पडद्यासमोर उभे राहिले.

"ताई, तो तारा झोपायला निघालाय आणि आपला नाचतोय. लगाम आवळा थोडा."

ताईने आधी ताऱ्याची अवस्था साठवून ठेवली. लाखो घरांतला प्रत्येक आकडा, जसाच्या तसा. या साठवणीला ते मुक्काम म्हणत. पुढे हिशेब बिघडला, तर मागच्या मुक्कामावर जाऊन तिथून नव्याने निघता येतं. मधलं काही घडलंच नाही, असं समजायचं. मग तिने लगाम थोडा आवळला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी वर्गाच्या बाईंनी तिला थांबवलं. एरवी या थांबवण्याचा अर्थ एकच असे. पण बाई हसत होत्या.

"काय जादू केलीत हो? आज चक्क जागेवर बसली."

ताईलाही बरं वाटलं. कुठल्या आईला वाटणार नाही? घरी येऊन तिने लेकीला जवळ घेतलं. संध्याकाळी जेवताना भिंगरीने तोंडातून दात काढून तिच्या तळहातावर ठेवला. आरडाओरडा नाही, रक्त बघून रडणं नाही.

"पडला," ती म्हणाली आणि जेवू लागली.

दात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा होता, एका कोपऱ्याला टवका उडालेला. ताईने तो धुऊन, पुसून बटणांच्या डबीत ठेवला. आजोबा मात्र नातीकडे बघत राहिले. पंधरवडाभर हा दात म्हणजे घरातला उत्सवमूर्ती होता. त्याच्या पडण्याचे केवढे बेत ठरले होते!

सर रोज येत होते. थोडा अजून, ताई. थोडा अजून. रेघेचे डोंगर टेकड्या झाले, टेकड्यांचे उंचवटे झाले. प्रत्येक वेळी खऱ्या ताऱ्याशी जुळणी सुधारत होती. नव्या साठवणी जुन्यांवर चढत होत्या. जागा वाचवायची म्हणून शंकासुर मधल्या पुसून टाकायचा. सोमवारची तेवढी राहिली होती, ती ताईने वेगळी ठेवली होती म्हणून.

घरी भिंगरी खुर्चीवर बसलेली असायची. टीव्ही लावला तर टीव्हीकडे, नाही लावला तर भिंतीकडे तोंड करून. 'जेव' म्हटलं की घास घ्यायची, 'पुरे' म्हटलं की थांबायची. ताप नव्हता. दुखत काही नव्हतं. विचारलं तर "काही नाही" म्हणायची.

आजोबांनी पुन्हा भांडं ठेवलं, भुसा टाकला. भिंगरी बघत बसली. हात पाठीमागे, न सांगता.

आजोबांनी गॅस बंद केला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "ही शांत झालेली नाही गं. ही थांबत चाललीय."

"बाबा, काहीतरीच काय? मोठी होतेय."

"चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. शांत पोर कसं दिसतं ते मला ठाऊक आहे."

ताईची नजर खुर्चीखाली गेली होती. भिंगरीचा पाय हलत होता, अगदी जेमतेम. पुढे जायचा आणि मागे यायचा. आणि मागे येताना मध्येच एक छोटासा अडखळा.

तिने स्वतःलाच दटावलं. हा अडखळा पायात आधीपासूनच असेल. दिवसभर तीच रेघ डोळ्यांसमोर असते, मग जिकडेतिकडे तीच दिसणार. जेवायला पाटावर बसलं तरी पाटाच्या रेघांत दिसेल. माणसाच्या डोळ्याला जुळवाजुळवीची खोड असतेच. तिची तिला खात्री पटलीसुद्धा.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी, शंकासुर चहाला गेला असताना, तिने लगाम थोडा सैल केला. रेघ हळूहळू उंचावली. ताईने घरी फोन लावला.

"बाबा, भिंगरी काय करतेय?"

"आत्ताच खुर्चीवरून उठली. खिडकीशी गेलीय. पाणी मागितलं आपणहून." आजोबांच्या आवाजात हुरूप होता. "का गं?"

"फोन चालू ठेवा."

तिने लगाम पुन्हा आवळला आणि वाट बघितली. फोनमधून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसली," आजोबा म्हणाले. "पुन्हा बसली."

खरं तर एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही. शंकासुर असता तर म्हणाला असता, कशावरून? म्हणून तिने पुन्हा सैल केला, आणि पुन्हा विचारलं. पोटची पोर पुन्हा उठली होती. पुन्हा आवळून बघायची तिची हिंमत झाली नाही. लगाम सैल ठेवून, कुणाला काही न सांगता ती घरी निघून आली. सांगणार तरी काय होती? आणि कुणाला?

त्या संध्याकाळी भिंगरीने दोनदा उडी मारली. जुनी भिंगरी नव्हती, पण कुणीतरी होतं.

सकाळी आजोबांच्या आग्रहावरून तिघं दवाखान्यात गेली. नंबर यायचा होता. बाकावर भिंगरी मध्ये बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून झोके घेत होते. समोरच्या भिंतीवरचे पोस्टर ती मोठ्याने वाचत होती, चुकत होती, आजोबा सुधारत होते.

"हा... हात... धु... धुवा..."

"शाब्बास. पुढे?"

पुढे आलं नाही.

ताईने खाली बघितलं. पाय पुढे गेला, मागे आला. मग थोडा कमी पुढे गेला. मग त्याहून कमी.

"भिंगरी?"

पाय लोंबता राहिला.

डोळे उघडे होते. पोस्टरच्या त्याच ओळीवर होते. डॉक्टर बाहेर आले, नाडी बघितली, डोळ्यांत उजेड पाडला. श्वास आहे, ठोके आहेत, म्हणाले, पण मोठ्या इस्पितळात हलवा. गाडी मागवतो.

ताई उठली. "बाबा, तुम्ही हिच्याजवळ बसा. मी आलेच."

"कुठे?"

"संस्थेत."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. "पोरगी अशी पडलीय, आणि तू कामावर चाललीस?"

ती पळत सुटली होती.

संस्थेत सर आणि शंकासुर पडद्यासमोर उभे होते. सर खुशीत होते. "अहो ताई, काल तुमच्याकडून लगाम चुकून सैल राहिला होता. मीच म्हटलं याला, आज शेवटपर्यंत आवळून बघू. बघा तरी!"

पडद्यावरची रेघ सपाट होती.

ताईने खुर्ची ओढली. लगाम पूर्ण सोडला.

रेघ सपाटच.

तिने ताऱ्याची साल उघडून बघितली. एरवी तिथे उजळ ठिपके आणि काळ्या फटी वळवळत असायच्या. आता सगळीकडे एकच फिकट रंग होता. लगामाने उकळीसुद्धा पुसून टाकली होती. प्रत्येक घर शेजारच्या घरासारखं होतं. आणि सगळं सारखं असलं, तर काहीच हलत नाही.

"पुन्हा बी टाका की," शंकासुर म्हणाला. "चालू होईल."

चालू झाला असता. पण तो दुसराच कुणीतरी झाला असता.

फोन वाजला. आजोबा. "गाडी आलीय," ते म्हणाले.

साठवणींत दोनच फाईली होत्या. आजची सपाट, आणि सोमवारची.

तिने सोमवार निवडला.

रेघ क्षणभर दिसेनाशी झाली. मग डोंगर उभा राहिला. मग दरी, आणि दरीत उतरताना मध्येच तो अडखळा.

फोन कानालाच होता. पलीकडून आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी ओरडलं, "अगं, अगं, धरा तिला!" मग आजोबांचं हसू, रडू, दोन्ही. "उठली! अगं, स्ट्रेचरवरून उडी मारून पळाली! डॉक्टरच्या खुर्चीवर गरगर फिरतेय!"

ताईने टेबलावर डोकं टेकलं.

सर गोंधळले होते. "ताई, हे काय केलंत? आठवड्याचं काम मागे गेलं."

"सर, हा असाच चालू राहू दे."

"किती दिवस?"

तिने लगामाचा आकडा पुन्हा तपासून बघितला.

"बरं, मग ही सपाट फाईल तरी पुसतो," शंकासुर म्हणाला. "उगाच जागा खातेय."

"हात लावू नकोस तिला!"

दोघंही दचकले. ताईही दचकली. असं का म्हटलं, ते तिचं तिलाच उमगलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. जिन्यातूनच धपाधप उड्या ऐकू येत होत्या. भिंगरी तिच्या कमरेला येऊन आदळली. ताईने तिचे केस हुंगले, गाल दाबले, तळवे बघितले. सगळं तेच होतं. तोच घाम, तीच धुळीने भरलेली नखं.

"आई, उद्या चित्रकला आहे. रंग दे आठवणीने. मंगळवार ना उद्या!"

"उद्या शनिवार आहे, बाळा."

"हॅ! कालच तर सुट्टी होती." आणि ती खुर्चीवर चढली.

ताईने आजोबांकडे बघितलं. मुलं आहेत, वार विसरतात. एवढं आजारपण गेलं अंगावरून, विसरायचीच. ती हे मोठ्याने म्हणाली. आजोबांनी मान हलवली नाही. ते खिडकीजवळ बसले होते, आणि नात घरी आल्यापासून त्यांनी तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं, हे ताईच्या आत्ता लक्षात आलं.

"काय झालं, बाबा?"

"तिला तोंड उघडायला सांग."

ताईने सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. भिंगरीने आपणहून ओठ वर केला आणि जिभेने पुढे ढकलून दाखवलं.

"आई, बघ ना! केवढा हलतोय!"

एका कोपऱ्याला टवका उडालेला होता.

ताई आत गेली. कपाटातून बटणांची डबी काढली. झाकण अर्धवटच बसलेलं होतं. कुणीतरी तिच्या आधी उघडून बघितलं होतं.

काळी बटणं, पांढरी बटणं, आणि त्यांच्यामध्ये, धुऊन पुसून ठेवला होता तसाच, तो मंगळवारी पडलेला दात.

बाहेर खुर्चीच्या पायावर टाचा वाजत होत्या. पुढे, मागे. पुढे, अडखळून मागे.

"आई," बाहेरून हाक आली, "ओढू का गं?"